भट्टीचे तोंड उघडताना

‘भट्टीत स्फोट, २२ कामगार जखमी’ अशा अर्थाची बातमी २०२४ या एकाच वर्षात महाराष्ट्रात दोनदा छापून आली. २४ ऑगस्टला जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका पोलाद कारखान्यात वितळलेले लोखंड कामगारांच्या अंगावर उडाले. ६ नोव्हेंबरला वर्ध्याजवळच्या भूगाव येथील पोलाद कारखान्यात, संध्याकाळच्या वेळी स्लॅग थंड करण्याचे काम चालू असताना भडका उडाला. दोन्ही वेळा जखमींचा आकडा सुरुवातीच्या वृत्तांत २२ असाच होता. याच भूगावात ३ फेब्रुवारी २०२१ रोजी झोतभट्टीच्या देखभालीच्या कामात ३८ जण भाजले होते.

अशा बातमीचे आयुष्य दोन दिवसांचे. पहिल्या दिवशी आकडा, दुसऱ्या दिवशी चौकशीचा आदेश आणि मदतीची घोषणा. भाजलेल्या माणसाचा प्रवास मात्र तेव्हा कुठे सुरू झालेला असतो. मी शल्यचिकित्सक नाही, फिजिशियन आहे. जळिताच्या वॉर्डातून मला बोलावणे येते ते मूत्रपिंड काम करेनासे झाले, श्वास अडकला किंवा ताप उतरत नाही म्हणून. त्या खाटांजवळ उभे राहून एक प्रश्न पुनःपुन्हा पडतो. एवढी माणसे त्या क्षणी भट्टीच्या इतकी जवळ का होती?

हा प्रश्न जालना-वर्ध्याचाच आहे असे दादर-परळच्या वाचकाने समजू नये. लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिले, ते लोखंडी सळ्यांवर उभे आहेत आणि जालना हे राज्यातले सळ्यांचे गाव. शिवाय आपल्या अगदी शेजारी, काळबादेवी-भुलेश्वरच्या गल्ल्यांत, रोज भट्ट्या पेटतात. त्यांच्याकडे पुढे येऊच.

बॉयलर नव्हे, भट्टी

जालन्याच्या घटनेच्या बातम्यांत अनेक ठिकाणी ‘बॉयलरचा स्फोट’ असे शब्द होते. आपल्याकडे कारखान्यात काहीही फुटले की ते बॉयलर होते. पण बॉयलर म्हणजे दाबाखाली वाफ तयार करणारे बंद भांडे. भट्टीत धातू वितळतो आणि ती सहसा दाबाखाली नसते. बॉयलरसाठी स्वतंत्र कायदा आहे. १९२३ चा जुना कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. त्याची तपासणी बाष्पके संचालनालय करते. भट्टीवर देखरेख असते ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची. निदान चुकले तर उपचार चुकतो, हे डॉक्टरला वेगळे सांगावे लागत नाही. ‘बॉयलर फुटला’ म्हटले की वाचकाच्या मनात एखादे सदोष यंत्र उभे राहते. ‘वितळलेला धातू अंगावर उडाला’ म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो, तो का उडाला?

याचे उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात देता येते. पाणी.

फोडणीचा धडा

गरम तेलात ओला कढीपत्ता टाकला की काय होते, ते प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. पानावरचे पाणी तेलाखाली जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ तेल उडवत बाहेर पडते. भट्टीत नेमके हेच घडते. फरक असतो तो तापमानाचा आणि वजनाचा. फोडणीचे तेल साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. झोतभट्टीतून बाहेर येणारे कच्चे लोखंड १,४५० ते १,५०० अंशांचे असते आणि पोलाद १,६०० अंशांच्या वर. एक लिटर पाण्याची वाफ झाली की तिला साधारण १,७०० लिटर जागा लागते. ही जागा तिला क्षणार्धात हवी असते आणि वर टनावारी धातू असतो.

वितळलेल्या धातूवर, म्हणजे कामगारांच्या भाषेत रसावर, वरून थोडे पाणी पडले तर ते बऱ्याचदा नाचत नाचत उडून जाते. खरा धोका आहे तो पाणी रसाच्या खाली सापडले तर. ओलसर वाळूची नाली, न तापवलेली बादली म्हणजे लॅडल, पावसात भिजलेले भंगार, खड्ड्यात साचलेले पाणी, ओली माती. यांपैकी काहीही पुरेसे असते.

८ नोव्हेंबर २००१ रोजी ब्रिटनमधील पोर्ट टॅलबट येथे पाचव्या क्रमांकाच्या झोतभट्टीचा स्फोट झाला आणि तीन कामगारांचा मृत्यू झाला. भट्टीला थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेतून पाणी आत गळले होते. आतल्या ऐवजासह सुमारे ५,००० टन वजनाची ती भट्टी जागेवरून पाऊण मीटर उचलली गेली. पाण्याची ताकद कळण्यासाठी एवढे पुरे.

स्लॅगचे कामही याच कारणाने फसवे असते. धातू वितळला की त्यातला मळ वर तरंगतो, तोच स्लॅग. तो लोखंडापेक्षा बराच हलका असतो आणि पाणी मारून थंड करता येतो. पण स्लॅगबरोबर थोडा लोखंडाचा रस वाहून आला असेल आणि त्यावर पाणी पडून ते खाली झिरपले, तर साधे वाटणारे काम स्फोटाचे होऊ शकते. भूगावच्या घटनेचा निवाडा करण्याची ही जागा नाही. पण ‘फक्त स्लॅग थंड करायचा होता’ हे वाक्य ऐकून कोणी त्या कामाला दुय्यम समजू नये.

तोंड उघडणे आणि बंद करणे

झोतभट्टीच्या तळाशी एक छिद्र असते. त्याला टॅप होल म्हणतात. आत पुरेसे लोखंड जमले की ड्रिलने ते उघडतात, रस नालीतून लॅडलमध्ये जातो आणि भट्टी रिकामी होत आली की ‘मड गन’ नावाचे यंत्र त्यात विशिष्ट माती दाबून तोंड बंद करते. हा प्रकार दिवसातून अनेक वेळा होतो. याला टॅपिंग म्हणतात. चंद्रपूरला ‘सेल’चा फेरो अलॉय कारखाना आहे, पूर्वीचा महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट. तिथे पोलादासाठी लागणारे फेरोमँगनीज विजेच्या भट्ट्यांत तयार होते. तिथेही रस तळाच्या छिद्रातूनच काढावा लागतो. जालन्यात किंवा कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत बहुधा इंडक्शन भट्टी असते. तिला छिद्र नसते. ती कलती करून रस ओततात. पद्धती वेगळ्या असल्या तरी क्षण एकच आहे. बंदिस्त असलेला रस मोकळ्या हवेत माणसांच्या जवळ येतो तो हा क्षण.

धोका या क्षणी एकवटतो. दिवसाच्या चोवीस तासांत तो कधी येणार हे आधी माहीत असते. तो पावसासारखा अचानक येत नाही. म्हणूनच अशा दुखापतींना ‘अपघात’ म्हणताना माझी जीभ अडखळते. ज्या क्षणाची वेळ ठरलेली आहे, त्या क्षणी कोण कुठे उभे असावे हेही ठरवता येते.

कारखान्याच्या मालकाला वाटते की सुरक्षेचे नियम पाळत बसलो तर उत्पादन घटेल. टॅपिंगच्या बाबतीत हे खरे नाही. वेळेवर तोंड उघडले नाही तर भट्टीत रसाची पातळी वाढते आणि तो हवा फुंकणाऱ्या नळ्यांपर्यंत पोहोचतो. त्या नळ्या पाण्याने थंड ठेवलेल्या असतात. त्या जळाल्या की उत्पादनही थांबते आणि पाणीही आत शिरते. छिद्र नीट राखले नाही, मातीचा थर पातळ झाला, तर रस मनाला येईल तसा वाहतो, तोंड बंद होत नाही आणि लोखंड वाया जाते. ओल्या मातीने छिद्र बुजवले तर पुढच्या खेपेला ठिणग्या फवाऱ्यासारख्या येतात. ड्रिल चालत नाही म्हणून पोलादी नळीतून ऑक्सिजन सोडून छिद्र जाळत बसावे लागते. त्यात वेळ जातो आणि कामगार थेट तोंडासमोर येतो. म्हणजे जे टॅपिंग वेळेवर, कोरडे आणि यंत्राने होते तेच स्वस्तही पडते.

इंडक्शन भट्टीत हाच नियम भंगारापासून लागू होतो. भंगारात बंद तोंडाचा पाइप, जुना शॉक ॲब्सॉर्बर, गॅसचा रिकामा सिलिंडर असला आणि त्यात पाणी, तेल किंवा कोंडलेली हवा असली, तर तो रसात पडताच बॉम्बसारखा फुटतो. पावसाळ्यात उघड्यावरचे भंगार ओले असते. ते छपराखाली ठेवणे, निवडणे आणि तापवून कोरडे करणे हे पहिले काम. भट्टीच्या आतल्या अस्तराची झीज रोज मोजणे हे दुसरे. अस्तर झिजून रस तांब्याच्या नळीपर्यंत गेला तर त्या नळीत वाहणारे पाणी वाट पाहतच असते.

शरीरावर काय होते

वितळलेल्या धातूचा भाजलेपणा साध्या भाजण्यासारखा नसतो. त्वचेला ७० अंशांचा चटका एक सेकंद मिळाला तरी खोल जखम होऊ शकते. इथे तापमान त्याच्या वीसपट असते आणि धातू चिकटून राहतो. बुटात शिरलेला थेंब बूट काढेपर्यंत जाळत राहतो. पावले आणि घोटे फार वेळा भाजतात, कारण पँट बुटात खोचलेली असते. ती बुटाच्या बाहेर हवी आणि त्यावर संरक्षक पट्टा हवा. अंगावर पॉलिएस्टरचा शर्ट असेल तर तो वितळून कातडीला चिकटतो. भट्टीवर आगरोधक सुती किंवा लोकरी कपडे, त्यावर चकाकत्या ॲल्युमिनियमच्या थराचा कोट आणि चेहऱ्यावर ढाल लागते. उकाड्यात हे नकोसे वाटते, म्हणून पाळ्या छोट्या हव्यात. नुसती सक्ती करून कोट अंगावर राहत नाही.

भाजल्यानंतरचा पहिला तास फार मोलाचा. शरीरातील पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपून जाते आणि रक्तदाब कोसळतो. ६० किलो वजनाच्या माणसाचे ३० टक्के अंग भाजले असेल तर नेहमीच्या सूत्राने त्याला पहिल्या २४ तासांत सुमारे ७.२ लिटर सलाइन लागते आणि त्यातले अर्धे पहिल्या आठ तासांत. हे आठ तास मोजायचे ते भाजल्यापासून. रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यापासून नव्हे. औद्योगिक वसाहतीतून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि तिथून मोठ्या शहरात अशी फिरवाफिरव होताना सलाइन लागलेले नसेल, तर मूत्रपिंडे वाटेतच हार मानतात. जिथे भट्टी आहे तिथे सलाइन लावू शकणारा माणूस प्रत्येक पाळीत हवा. ही मागणी अवाजवी नाही.

सहकाऱ्यांनी काय करावे हेही सांगतो. आधी माणसाला रसापासून आणि भट्टीपासून दूर न्यावे. सांडलेल्या रसावर कोणीही पाणी ओतू नये. सुरक्षित जागी आणल्यावर भाजलेल्या भागावर नळाचे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ नको. अंगठी, कडे, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. चिकटलेला कपडा किंवा धातू ओढून काढू नये. टूथपेस्ट, शाई, हळद, कोरफड काहीही लावू नये. स्वच्छ कोरड्या कापडाने झाकावे, बाकीचे अंग उबदार ठेवावे आणि निघावे. किती भाजले याचा अंदाज हवा असेल तर रुग्णाचा स्वतःचा बोटांसह तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का.

न दिसणारी इजाही आहे. झोतभट्टीच्या वायूत २० ते २५ टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. १२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात असा वायू पसरून सहा जणांचा जीव गेला. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच वाटतात. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड चढलेल्या रक्तालाही ते ९८ टक्के म्हणते. ‘आकडा चांगला आहे’ म्हणून अशा कामगाराला घरी पाठवू नये. हे वाक्य माझ्या तरुण सहकाऱ्यांसाठीही आहे.

उष्णतेचेही असेच. भट्टीसमोरची धग हवेतून लागत नाही. ती किरणांनी थेट अंगावर येते. अंतर दुप्पट केले की ती साधारण चौथ्या हिश्श्यावर येते, म्हणून चार पावले मागे सरकणे हे सर्वांत स्वस्त औषध. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि उष्माघाताचा धोका कामाच्या पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो. नवा कंत्राटी मुलगा पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी भट्टीसमोर काढतो, ते म्हणूनच धोक्याचे. गणपतीला किंवा मे महिन्यात पंधरा दिवस गावी जाऊन आलेल्या जुन्या कामगाराचीही सवय मोडलेली असते. त्यालाही दोन-चार दिवस हलके काम द्यायला हवे.

आणि डोळे. वर्षानुवर्षे लालबुंद रसाकडे पाहणाऱ्यांना अवरक्त किरणांमुळे मोतीबिंदू होतो. आपल्या १९२३ च्या जुन्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत हा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. पण रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा ‘वयामुळे’ असे लिहून कागद मिटतो. पन्नाशीच्या आतल्या मोतीबिंदूच्या रुग्णाला ‘काम काय करता?’ हा एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो.

काळबादेवीच्या गल्लीत

आता आपल्या शेजारी येऊ. झवेरी बाजार, काळबादेवी, भुलेश्वर इथे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा पिढ्यान्पिढ्या चालतो. त्यात सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव भागातल्या मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. गलाईचे काम करणारे हे लोक देशभर पसरले आहेत. दिल्ली, कोलकात्यापासून केरळपर्यंतच्या सराफ बाजारात विट्याकडचा माणूस भेटतो. भूगावची भट्टी आणि गलाईवाल्याची मूस यांत हजारो पटींचा फरक आहे. पण सोने १,०६४ अंशांना आणि चांदी ९६२ अंशांना वितळते, आणि ओल्या साच्यात ओतली तर चांदीही उडतेच. साचा आधी तापवून कोरडा करायचा हा नियम दोघांना सारखाच.

इथला मोठा प्रश्न मात्र धुराचा आहे. सोने शुद्ध करताना तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल वापरतात. त्यातून तपकिरी वायू निघतो. तो नाकात गेला की खोकला येतो, थोड्या वेळाने बरे वाटते आणि माणूस जेवून झोपतो. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरू लागते. असा तपकिरी धूर छातीत गेलेल्या माणसाला बरे वाटत असले तरी रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे, एवढी एक गोष्ट गल्लीतल्या प्रत्येक कारागिराला ठाऊक हवी. डाग देण्यासाठी कॅडमियम वापरण्याची जुनी रीत आहे. दागिन्यांच्या दुकानात ‘केडीएम’ म्हणतात ते हेच. कॅडमियमचा धूर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे दोन्ही बिघडवतो.

गेल्या काही वर्षांत हवेच्या प्रदूषणाची ओरड झाल्यावर महापालिकेच्या सी विभागाने या भागातल्या गलाई कारखान्यांच्या धुराड्यांवर कारवाई केली. रहिवाशांची तक्रार रास्तच होती. माणसे राहतात त्या इमारतीच्या जिन्यात आम्लाचा वास येऊ नये. पण धुराडे हटवले आणि आतली भट्टी तशीच चालू राहिली, तर धूर कमी होत नाही. तो शेजाऱ्याच्या छातीतून कारागिराच्या छातीत जातो. जिथे वायू निघतो तिथेच तो ओढून, पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन मग सोडणे, किंवा हे काम योग्य जागी हलवणे, हा खरा उपाय. दहा बाय बाराच्या खोलीत पाचसहा जण काम करतात आणि बरेचदा तिथेच झोपतात, हे लक्षात ठेवूनच तो आखावा लागेल.

कायदा बदलला, भट्टी तीच

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. १९४८ चा कारखाने अधिनियम त्यात सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेत विलीन झाला. या संहितेत काही चांगले आहे. ठरावीक वयाच्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी मालकाने करायची आहे, आणि सरकारने जाहीर केल्याप्रमाणे ते वय चाळिशीच्या पुढचे आहे. धोकादायक काम असेल तर एकच कामगार असलेल्या जागेलाही संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारकडे आहे.

पण आकडे नीट पाहायला हवेत. वीज वापरणारा कारखाना म्हणजे आता २० कामगारांपासून पुढे, आणि विजेविना ४० पासून. १९४८ च्या केंद्रीय कायद्यात हे आकडे १० आणि २० होते. सुरक्षा अधिकारी आणि सुरक्षा समिती कारखान्यात ५०० कामगारांपासून, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० पासून बंधनकारक. काळबादेवीतली मूस या आकड्यांच्या जवळपासही येत नाही. भंगार वितळवणाऱ्या मध्यम भट्ट्याही २५० च्या खाली सहज राहू शकतात. रसाला कामगारांची संख्या कळत नाही. १० माणसांच्या कारखान्यातला रस ५०० माणसांच्या कारखान्यातल्या रसाइतकाच भाजतो.

म्हणून एकच मागणी ठामपणे करावीशी वाटते. धातू वितळवणे हे धोकादायक काम म्हणून अधिसूचित करावे आणि एक कामगार असला तरी संहिता लागू व्हावी. तरतूद कायद्यात आहे. ती फक्त वापरायची आहे. तपासणीची अटही चाळिशीवर थांबू नये. बावीस वर्षांच्या कंत्राटी मुलाच्या डोळ्यांची आणि फुप्फुसांची पहिली नोंद कामावर लागतानाच हवी. तेव्हाची नोंद नसेल तर वीस वर्षांनी आजार कामामुळे झाला हे तो कशाच्या आधारे सांगणार?

मुंबईकडे यासाठी लागणारे ज्ञान आहे. शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक आरोग्यावर काम चालते. परळला कामगार विम्याचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय आहे. गिरण्या गेल्या, पण ज्या शहराने गिरणी कामगाराच्या छातीतला कापूस ओळखला, त्याने भट्टी कामगाराचा मोतीबिंदू ओळखायला हरकत नाही. व्यवसायजन्य आजार आढळला तर डॉक्टरने तो कळवायचा, ही जबाबदारी जुन्या कायद्याच्या कलम ८९ मध्ये होती आणि नव्या संहितेतही आहे. ती आमच्या पेशाने आजवर किती गांभीर्याने घेतली, याचा विचार आम्हीच करायचा आहे.

पुढची बातमी येईल तेव्हा

पुढच्या वेळी ‘भट्टीत स्फोट’ अशी बातमी वाचाल तेव्हा जखमींच्या आकड्यावर थांबू नका. चौकशी अहवालाकडून पाच प्रश्नांची उत्तरे मागा. पाणी कुठून आले? तोंड उघडताना किंवा रस ओतताना त्या ठरलेल्या रेषेच्या आत किती माणसे होती आणि त्यांतल्या किती जणांचे तिथे काम होते? त्यांच्या अंगावर काय होते? ते कायम होते की कंत्राटी, आणि किती दिवसांपूर्वी लागले होते? पहिले सलाइन किती वाजता लागले?

या पाचपैकी एकाही प्रश्नाला महागड्या यंत्राची गरज नाही. पहिल्याचे उत्तर कोरड्या वाळूत, तापवलेल्या लॅडलमध्ये आणि निवडलेल्या भंगारात आहे. दुसऱ्याचे उत्तर जमिनीवर मारलेल्या पिवळ्या पट्ट्यात आणि टॅपिंगच्या वेळी वाजणाऱ्या भोंग्यात. बाकीच्या तिन्हींची उत्तरे कामगाराला माणूस म्हणून मोजण्यात आहेत. भूगावला २०२१ मध्ये ३८ आणि २०२४ मध्ये २२. याच गावाचे नाव तिसऱ्यांदा छापावे लागू नये. त्यासाठी दोन्ही वेळच्या चौकशांत काय निष्पन्न झाले ते लोकांसमोर यायला हवे, कारण एका भट्टीने शिकवलेले दुसऱ्या भट्टीपर्यंत पोहोचले नाही, तर ते पुन्हा भाजूनच शिकावे लागते.